पोरगा फ्रॅटमध्ये जातोय म्हणे!

'फ्रॅटर्निटी' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा हॉलिवूडच्या सिनेमात ऐकलेला असतो. पांढऱ्या खांबांचं मोठ्ठं घर, दारावर ग्रीक अक्षरं, हिरवळीवर लाल प्लॅस्टिकचे पेले आणि मधोमध बियरचं पिंप. एवढ्या भांडवलावर आपलं मत तयार होतं. त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी आईवडिलांना पोराने फोनवर "मी एक फ्रॅट जॉइन करायचा विचार करतोय" असं सांगितलं की दोनच प्रतिक्रिया निघतात. एक तर "अजिबात नाही, अभ्यास कर", नाहीतर "म्हणजे नक्की काय असतं ते?" माझ्या मते दुसरी लाख पटीने बरी. का, ते सांगण्यासाठी आजचा हा विकांती लेखनप्रपंच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची पोरं अजून डे-केअरमध्ये असतील (किंवा जन्मायचीच असतील), पण असू दे, वाचून ठेवा. अठरा वर्षं बघता बघता जातात.

माझी मावसबहीण आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे ताई आणि दाजी, १९९८ साली वायटूकेच्या लाटेत न्यू जर्सीला आले आणि इथलेच झाले. त्यांचा मुलगा, आमचा भाचा, २०२४च्या ऑगस्टमध्ये ओहायोतल्या एका भल्यामोठ्या सरकारी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेला. (नाहीतर काय शिकणार!) पहिल्या सेमिस्टरला थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने हळूच विषय काढला. ताईने क्लासिक मराठी उत्तर दिलं, "तसल्यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही." दाजी काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांचंही तेच मत होतं. विषय संपला.

म्हणजे ताईच्या दृष्टीने संपला. फेब्रुवारीत भाच्याचा मला मेसेज आला, "मामा, कॅन आय कॉल यू? आईला सांगू नको." पठ्ठ्याने जानेवारीतच एका फ्रॅटर्निटीचं बोलावणं स्वीकारलं होतं. तीन आठवडे झाले होते. घरी रोज "जेवलो, अभ्यास चालू आहे, थंडी खूप आहे" एवढंच सांगत होता.

त्याला काही झालं नव्हतं. त्याला फक्त कुणाशी तरी बोलायचं होतं, कारण आता पुढचे काही आठवडे काय काय असणार याची कुजबुज त्याच्या कानावर यायला लागली होती. पण मला त्याच्या त्या कुजबुजीपेक्षा 'आईला सांगू नको' या तीन शब्दांची जास्त काळजी वाटली. का, ते कळायला आधी हे प्रकरण काय आहे ते बघू.

फ्रॅटर्निटी ही अमेरिकेएवढीच जुनी गोष्ट आहे, अगदी शब्दशः. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात १७७६च्या डिसेंबरमध्ये 'फाय बीटा कॅपा' ही ग्रीक अक्षरांची पहिली विद्यार्थी सोसायटी निघाली. ती पुढे हुशार विद्यार्थ्यांची मानाची संस्था झाली. आज ज्या अर्थाने आपण फ्रॅट म्हणतो, त्यांची सुरुवात १८२५ ते १८२७ या काळात न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात झाली. ग्रीस देशाचा यात काही संबंध नाही. ती अक्षरं बहुतेक वेळा एखाद्या गुप्त ब्रीदवाक्याची आद्याक्षरं असतात.

रचना समजून घ्यायला पुण्यामुंबईतल्या माणसाला काही अवघड नाही. एक देशपातळीवरची मुख्य कचेरी, तिच्याकडून मान्यता घेऊन चालणाऱ्या विद्यापीठाविद्यापीठातल्या शाखा (त्यांना 'चॅप्टर' म्हणतात), शाखेचा अध्यक्ष, खजिनदार, वर्गणी. थोडक्यात, आपलं गणेश मंडळच म्हणा ना! वर्षभर एकत्र राहणं, एकमेकांच्या अडीअडचणीला धावणं, पलीकडच्या मंडळाशी खुन्नस, आणि वीस वर्षांनी "अरे, तू पण त्याच मंडळाचा?" म्हणत नोकरी लावून देणं. फरक इतकाच की मंडळात शिरायला परीक्षा नसते. इथे असते, आणि सगळी गोम तिथेच आहे.

सेमिस्टरच्या सुरुवातीला 'रश' नावाचा आठवडा-दोन आठवडे चालणारा प्रकार असतो. पिझ्झा, गप्पा, बास्केटबॉल. मुलं वेगवेगळ्या घरांत जाऊन बघतात, घरं मुलांना बघतात. म्हणजे चक्क कांदेपोहे. मग पसंत पडलेल्या मुलाला 'बिड' मिळते, म्हणजे रीतसर बोलावणं. त्याने हो म्हटलं की तो 'प्लेज' होतो. कागदोपत्री आजकाल 'न्यू मेंबर' म्हणतात, पण पोरांच्या तोंडी जुनाच शब्द आहे. मग काही आठवड्यांचा उमेदवारीचा काळ. त्यात इतिहास पाठ करणं, कामं करणं, एक जुना सभासद 'बिग ब्रदर' म्हणून मिळणं. शेवटी दीक्षाविधी, तो गुप्त. त्यानंतर पोरगा आयुष्यभराचा 'ब्रदर'.

आता पोरांना यात जावंसं का वाटतं, हे ताईला कळेना. "त्याला इथे काय कमी होतं?" हा तिचा प्रश्न. मला मात्र ते चांगलं कळत होतं. चाळीस-पन्नास हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात पहिल्या वर्षीचा पोरगा म्हणजे समुद्रातलं चिंचोकं. लेक्चरला तीनशे मुलं, प्रोफेसरला नाव माहीत नाही, रूममेट हेडफोन लावून बसलेला. अशा वेळी पाच-पंचवीस जण दारात उभे राहून नावाने हाक मारतात, "वुई वाँट यू" म्हणतात. अठराव्या वर्षी या वाक्याची किंमत फार मोठी असते. मी इथे एमएसला आलो तेव्हा चार मराठी पोरं एका अपार्टमेंटमध्ये राहायचो, आळीपाळीने भात-आमटी टाकायचो. आमची तीच फ्रॅटर्निटी होती. आमच्या भाच्याला ती सोय नव्हती, कारण इथे जन्मलेला पोरगा देसी एमएसवाल्यांच्या टोळक्यातही पूर्ण बसत नाही आणि गोऱ्या पोरांतही नाही.

आणि एक गंमत सांगतो. बऱ्याच जुन्या फ्रॅटर्निटींनी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रंग आणि धर्म बघून मुलांना दारातूनच परत पाठवलं. म्हणून ज्यांना प्रवेश नव्हता त्यांनी आपापल्या काढल्या. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' स्थापन केली. मार्टिन ल्यूथर किंग तिचेच सभासद. आणि १९९०च्या दशकात आपल्या देसी पोरांनीही काढल्या. १९९८ साली ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात सुरू झालेली 'डेल्टा एप्सिलॉन साय' त्यातलीच एक. म्हणजे ज्या वर्षी दाजी एचवनबी घेऊन नेवार्कला उतरले, त्याच वर्षी देसी पोरं टेक्सासमध्ये आपली फ्रॅट काढत होती! हे ऐकून दाजी पहिल्यांदा थोडे सैल झाले. "मग आपल्या लोकांच्या फ्रॅटमध्ये गेला असता तर बरं झालं असतं," म्हणाले.

त्याचं उत्तर जरा थांबून देतो. आधी मुख्य मुद्दा.

आपल्या पिढीला रॅगिंग नवीन नाही. माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर पहिला महिनाभर आम्ही सिनियरसमोर मान खाली घालून स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत उभे राहायचो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली आला. २००९च्या मार्चमध्ये हिमाचलमधल्या टांडा मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा मुलगा सिनियरच्या मारहाणीत गेला, आणि त्याच वर्षी यूजीसीचे कडक नियम आले. आता तर प्रवेश घेताना मुलाला आणि पालकांना प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यामुळे 'हेझिंग' म्हटलं की आपण मनात लगेच भाषांतर करतो, म्हणजे रॅगिंगच की.

नाही, तसं नाही. फरक फार महत्त्वाचा आहे. रॅगिंग आपल्यावर येऊन पडायचं. होस्टेलला राहायचं म्हणजे सुटका नव्हती, आणि आपण ते चुकवायच्या मागे असायचो. लपायचो, आजारी पडायचो, मामाकडे पळून जायचो. हेझिंगमध्ये पोरगा स्वतः अर्ज करून रांगेत उभा राहिलेला असतो. त्याला ते चुकवायचं नसतं, पूर्ण करायचं असतं. समोरचा माणूस त्याचा छळ करणारा सिनियर नसतो, त्याचा होऊ घातलेला भाऊ असतो. म्हणून 'नाही' म्हणणं दहापट अवघड होतं. आणि म्हणूनच घरी सांगणंही अवघड होतं. कारण घरून ठरलेलं उत्तर येणार, "तुला कोणी सांगितलं होतं जायला?"

आता एक प्रकरण सांगतो. वाचायला सुखद नाही, पण पालकांना माहीत असायलाच हवं.

टिमोथी पियाझा, वय १९, पेन्सिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठाचा विद्यार्थी. २ फेब्रुवारी २०१७ची रात्र, 'बीटा थीटा पाय' फ्रॅटर्निटीच्या घरात नव्या मुलांच्या स्वागताची. घर कागदोपत्री दारूमुक्त. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार त्याला ८२ मिनिटांत १८ पेग दिले गेले. रात्री पावणेअकराच्या सुमारास तो तळघराच्या जिन्यावरून पडला. घरात कॅमेरे होते, त्यामुळे पुढचं सगळं रेकॉर्ड झालं. पोरांनी त्याला उचलून कोचावर ठेवलं. अंगावर पाणी-बिणी ओतून बघितलं. उताणा होऊन उलटीने गुदमरू नये म्हणून पाठीला सामानाने भरलेली बॅग अडकवली. एका नव्या सभासदाने "याला हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं" असं सांगितलं, तर त्यालाच ढकलून गप्प बसवलं. सकाळी तो थंडगार सापडला, तेव्हाही कुणीतरी आधी फोनवर लक्षणं सर्च करत बसलं. ९११ला फोन गेला तो पडल्यानंतर जवळजवळ बारा तासांनी. ४ फेब्रुवारीला टिमोथी गेला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात दारूचा आकडा राहिला नाही, ती बॅग राहिली. पाठीला बॅग अडकवायची हे त्या पोरांना माहीत होतं, म्हणजे धोका कळत होता. ती पोरं राक्षस नव्हती, तुमच्याआमच्या घरातल्यासारखीच होती. घरात इतके जण होते, प्रत्येकाच्या खिशात फोन होता, आणि तीन आकडे दाबायला कुणाचा हात पुढे झाला नाही. कारण फोन केला असता तर घर बंद झालं असतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, अलार्म वाजतोय पण प्रत्येकाला वाटतंय दुसरा कुणीतरी बघत असेल, तसं. फक्त इथे सर्व्हर नव्हता, माणूस होता.

आणि हे एकटं प्रकरण नाही. आमच्या भाच्याच्याच ओहायो राज्यात, बोलिंग ग्रीन विद्यापीठात, मार्च २०२१मध्ये स्टोन फोल्ट्झ हा मुलगा 'बिग-लिटल नाइट'ला गेला. नाव किती गोड, मोठ्या भावाने धाकट्या भावाला ओळख द्यायची रात्र! परंपरा अशी की धाकट्याने दारूची अख्खी बाटली संपवायची. त्यानंतर त्याच वर्षी जुलैत ओहायोने 'कॉलिन्स लॉ' केला. हा कायदा कॉलिन वियंट या २०१८ साली गेलेल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या नावाने आहे. जबरदस्तीने दारू किंवा ड्रग्ज घ्यायला लावून कुणाला गंभीर इजा झाली तर तो ओहायोत आता फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा.

दाजींच्या 'आपल्या लोकांची फ्रॅट' या मुद्द्याचं उत्तरही इथेच. डिसेंबर २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा मायकेल डेंग हा पहिल्या वर्षाचा मुलगा पेन्सिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या डोंगरात एका भाड्याच्या घरी गेला. फ्रॅटर्निटी आशियाई मुलांची होती. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वजनदार बॅग, गोठलेल्या अंगणात चालायचं आणि बाकीच्यांनी धडका मारून पाडायचं. आशियाई माणसाला अमेरिकेत सोसाव्या लागणाऱ्या हालांचं म्हणे ते प्रतीक! त्यालाही हॉस्पिटलमध्ये न्यायला उशीरच झाला. म्हणजे आडनावं ओळखीची असली की सुरक्षित, असं काही नसतं.

बाकी हेही तितकंच खरं की बहुसंख्य पोरं फ्रॅटमध्ये जातात, मजा करतात, मित्र जोडतात आणि धडधाकट बाहेर पडतात. पण हँक न्यूवर नावाचे एक पत्रकार आयुष्यभर या मृत्यूंची नोंद ठेवत आले आहेत. त्यांच्या नोंदीनुसार १९५९पासून २०२१पर्यंत अमेरिकेत एकही वर्ष असं गेलं नाही की ज्यात हेझिंगमध्ये एखादा तरी विद्यार्थी गेला नाही.

असो. तर त्या फेब्रुवारीत मी भाच्याला म्हटलं, "मी आईला सांगणार नाही, पण तू सांगणार आहेस, आणि मी फोनवर असणार आहे." दोन दिवस त्याने ताणून धरलं. मग रविवारी सकाळी आमचा चौघांचा व्हिडिओ कॉल झाला.

अपेक्षेप्रमाणे पहिली दहा मिनिटं ताई. "तुला शिकायला पाठवलंय की... ", "आम्ही काय काय सोडून आलो... " वगैरे. भाचा खाली बघत होता (तिसऱ्या बटणाकडे!). दाजी म्हणाले, "मी उद्या युनिव्हर्सिटीला फोन करून विचारतो." मग त्यांना सांगावं लागलं की दाजी, ते तुम्हाला सहसा काही सांगणार नाहीत. १९७४चा फेर्पा नावाचा कायदा आहे. मुलगा कॉलेजात गेला की त्याच्या शैक्षणिक नोंदींवर हक्क त्याचा. टॅक्ससाठी तो तुमच्यावर अवलंबून असेल तर विद्यापीठ तुम्हाला माहिती देऊ शकतं, २१ वर्षांखालच्या मुलाने दारूचा नियम मोडला तर कळवू शकतं, पण कळवलंच पाहिजे असं नाही. "म्हणजे फी मी भरायची आणि मार्क मला नाही सांगायचे?" दाजी. हो, तसंच आहे.

तेवढ्यात ताई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "तीन आठवडे तू माझ्याशी रोज बोलतोयस. मला वाटत होतं मला सगळं माहितीये."

पालकांना नेमकं काय कळायला हवं, तर हेच. विद्यापीठ तुम्हाला सांगणार नाही, फ्रॅटर्निटी सांगणार नाही, कायदा तुमच्या बाजूने नाही. माहितीची एकच लाइन तुमच्याकडे असते, तो पोरगा. आणि 'वाऱ्यालाही उभं राहायचं नाही' म्हटलं की पोरगा थांबत नाही, फक्त ती लाइन बंद होते. मग वाईट रात्री त्याच्या खिशातल्या फोनमध्ये तुमचा नंबर असून नसल्यासारखा.

भाचा शांतपणे म्हणाला, "आई, मला क्विट नाही करायचं. पण मला स्टुपिडपण नाही करायचं." मला वाटतं या वाक्यावर कॉल फिरला. त्यानंतर आम्ही चौघांनी जे केलं ते इथे नीट लिहून ठेवतो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे माहिती काढली. फ्रॅटर्निटीचं पूर्ण नाव घेऊन विद्यापीठाच्या साइटवर मान्यताप्राप्त यादीत आहे का ते बघितलं. मान्यता काढून घेतल्यावरही काही शाखा कॅम्पसबाहेर चोरून चालूच राहतात, आणि त्यांच्यावर कुणाचीच नजर नसते. यादीत नाव नसेल तर पुढे बोलायचंच नाही. मग शिस्तभंगाचा इतिहास. डिसेंबर २०२४मध्ये 'स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट' हा केंद्रीय कायदा झाला. त्यामागे मुलं गमावलेल्या आईवडिलांची बरीच वर्षांची पायपीट आहे. त्यानुसार कोणत्या संघटनेने हेझिंगचे नियम मोडले हे विद्यापीठाला आपल्या साइटवर जाहीर करावं लागतं. ओहायोत कॉलिन्स लॉमुळे तशी यादी आधीपासूनच होती. पाच मिनिटांचं काम आहे. घर घेताना आपण शेजारच्या शाळेचं रेटिंग बघतो, हे तर पोराच्या जिवाचं आहे.

दुसरं, प्रश्न. उमेदवारी किती आठवड्यांची? दीक्षाविधी कोणत्या तारखेला? वर्गणी एकूण किती, आणि पुढच्या वर्षी फ्रॅटच्या घरातच राहायची सक्ती आहे का? (सेमिस्टरला काही शे डॉलरपासून सुरुवात होते, खोलीभाडं वेगळं.) तिथे कुणी मोठं माणूस असतं का? हे प्रश्न उलटतपासणीसारखे विचारायचे नाहीत. "मला समजावून सांग" असं म्हणून विचारायचे. ताईला हे जमायला दोन आठवडे लागले, पण जमलं.

तिसरं, गुपितांची वर्गवारी. हस्तांदोलन कसं करतात, ब्रीदवाक्य काय, दीक्षेच्या वेळी काय म्हणतात, हे गुपित राहू दे. आपल्याकडे मुंजीतही बटूच्या कानात मंत्र सांगतात, त्याला कुणी हरकत घेत नाही. पण रात्री कुठे नेणार, फोन काढून घेणार का, झोपू देणार का, काय प्यायला लावणार, हे गुपित चालणार नाही. विशेषतः फोन. कुठल्याही कार्यक्रमात "सगळ्यांनी फोन इथे जमा करा" म्हटलं की तिथून निघायचं. भाच्याने हे आपल्या बिग ब्रदरला सरळ विचारलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. "आम्ही फोन घेत नाही, पण चांगलं केलंस विचारलंस," म्हणाला. मला त्या पोराबद्दल एकदम आदर वाटला.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ९११. याच्यावर मी फार वेळ घेतला. खूप प्यालेल्या माणसाला "झोपू दे, सकाळी उतरेल" हे जगातलं सगळ्यात धोकादायक वाक्य आहे. शेवटचा घोट घेतल्यानंतरही रक्तातलं अल्कोहोल काही वेळ वाढतच राहतं. हाक मारून, हलवून जागा होत नाही, श्वास मंद किंवा अडखळत चाललाय, अंग थंड किंवा निळसर पडलंय, बेशुद्धीत उलटी होतेय, यातलं एक जरी दिसलं तरी सर्च करायचं नाही, अध्यक्षाला विचारायचं नाही. ९११. कुशीवर वळवून त्याच्यापाशी बसून राहायचं. मदत बोलावणाऱ्याला दारूच्या किरकोळ गुन्ह्यातून सूट देणारे कायदे बऱ्याच राज्यांत आहेत. पेन्सिल्व्हेनियाने २०१८ साली टिमोथीच्या नावाने केलेल्या कायद्यातही अशी तरतूद आहे. आपल्या पोराच्या राज्यात आणि विद्यापीठात काय नियम आहे ते आधीच वाचून ठेवा. पण नियम नसला तरी फोन करायचाच.

यावर दाजी जे बोलले ते मला फार आवडलं. एरवी मितभाषी माणूस. म्हणाले, "हे बघ, तू फोन केलास म्हणून तुला काढून टाकलं, सस्पेंड केलं, एक वर्ष गेलं, तरी मी एक शब्द बोलणार नाही. लिहून देतो." भाच्याचे डोळे भरून आले होते. कॅमेरा खराब आहे असं त्याने सांगितलं, आम्हीही मान्य केलं.

आता शेवटचा मुद्दा, जो बहुतेक पालकांच्या लक्षातच येत नाही. आपला सगळा प्रश्न असतो, "माझ्या मुलाला काही होणार नाही ना?" पण उमेदवारी फक्त काही आठवडे टिकते. त्यानंतर उरलेली सगळी वर्षं तुमचा मुलगा दुसऱ्या बाजूला असतो. बाटली देणाऱ्यांच्या, किंवा नुसतं बघत उभं राहणाऱ्यांच्या. पियाझाच्या खटल्यात आरोपी झालेली पोरंही कधीतरी घाबरलेली नवी पोरं होती, आणि त्यांच्याही आया रोज फोनवर जेवलास का विचारत असणार.

यात व्यवहाराचाही भाग आहे. फ्रॅटर्निटीचा विमा असतो, पण नियम मोडणाऱ्या सभासदाला बऱ्याचदा त्याचं संरक्षण मिळत नाही. मग वकील त्या मुलाच्या आईवडिलांच्या घराच्या विम्यापर्यंत पोचतात. (हे ऐकल्यावर दाजींनी त्याच संध्याकाळी पॉलिसीची फाइल काढली.) भारतातून एफवनवर आलेल्या पोराच्या बाबतीत तर गुन्हा सिद्ध झाला की व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. पण पैसे आणि व्हिसा जाऊ देत बाजूला. कुणाच्या तरी पोराच्या पाठीला बॅग अडकवून झोपायला निघून जाणाऱ्यांत आपला पोरगा नसावा, एवढं तर प्रत्येक आईबापाला वाटत असेलच ना? मग ते त्याला एकदा स्पष्ट सांगायला हवं. आपण 'तू दारू पिऊ नकोस' हे शंभर वेळा सांगतो. 'दुसऱ्याला पाजू नकोस, आणि कुणी पडला तर तू फोन कर' हे बहुतेक घरांत एकदाही सांगितलं जात नाही.

भाचा रीतसर ब्रदर झाला. त्याच्या उमेदवारीत भयंकर असं काही घडलं नाही. बरंचसं पाठांतर, पहाटे पार्किंग लॉट झाडणं आणि एक अत्यंत भिकार नाच, एवढंच. ग्रेड थोडे घसरले, मग सावरले. ताई आता त्या पोरांना नावानिशी ओळखते, आणि गेल्या दिवाळीत तिने त्या घरी चकल्यांचा डबा पाठवला होता. दोन दिवसांत संपला म्हणे.

या वर्षी तो स्वतः 'बिग ब्रदर' होणार आहे. त्याच्या वाटणीला जो कुणी पहिल्या वर्षाचा पोरगा येईल, तोही कुठल्या तरी घरातून "जेवलो, थंडी खूप आहे" असं सांगून आलेला असेल. ताईला मी सांगितलंय की यंदा त्याच्याशी बोलताना जेवणाखाण्याच्या आधी त्या पोराची चौकशी कर. नाव काय त्याचं, कुठला आहे, घरी काय काय सांगून आलाय.